तोंडपंचमीचा पाहुणा

तर मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पान खाणाऱ्यांनी पान गालात सारा. आज एक प्रश्न विचारायचा आहे. तुम्हाला विचारायचा आहे, आणि हे पुढं सोफ्यावर बसलेत ना, नवे निवडून आलेले, फेट्याची घडीसुद्धा अजून मोडलेली नाही, त्यांना तर विचारायचाच आहे. साहेब, तो हार काढून ठेवा. झेंडूत मुंग्या असतात, कीर्तनात खाजवत बसाल.

प्रश्न असा. ज्याच्या हातात सत्ता आली, ज्याला एवढ्या माणसांनी बोटाला शाई लावून सभागृहात पाठवलं, त्यानं शिवी द्यावी की देऊ नये?

मागून आवाज आला, 'देऊ नये महाराज.' कोण ते? गुरुजी का? अहो गुरुजी, तुम्ही पोरांना काय काय म्हणता ते शाळेच्या भिंतींना विचारा. बसा.

मी सांगतो. द्यावी.

साहेब हसले बघा. साहेबांना वाटलं, महाराज आपल्याच पक्षाचे निघाले. थांबा साहेब, आख्यान अजून सुरू व्हायचंय. शिवी द्यावी, पण शिवी द्यायची एक रीत असते आणि ती तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या विरोधकांनाही ठाऊक नाही. रोज संध्याकाळी टीव्हीवर तुम्ही जे करता ती शिवी नव्हे, ती उलटी. ऐकणाऱ्यानं पाय मागं घ्यायचे एवढंच त्यात असतं. रीत काय असते ते एका बाईनं एका पुढाऱ्याला शिकवलं. कुठं? ओढ्यात. गुडघाभर पाण्यात उभं करून. ते आख्यान ऐका.

दोन गावं. अलीकडं हिवरखोपी, पलीकडं सांगवणे. मध्ये ओढा. ओढा केवढा? पावसाळ्यात म्हैस बसली तर पाणी अडेल एवढा. आणि या दोन गावांत एक सण — नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असतो, तरी नाव तोंडपंचमी. त्या दिवशी अलीकडच्या बायका अलीकडच्या काठावर, पलीकडच्या पलीकडच्या काठावर, मध्ये हलगी, आणि घ्या — शिव्या. दुपारभर. पदर खोचून, हात नाचवून, घसा बसेपर्यंत शिव्या. पुरुष मागं उभे. पुरुषांनी तोंड उघडायचं नाही. वर्षातला तेवढा एकच दिवस, म्हणून दोन्ही गावचे पुरुष त्या दिवशी अगदी शहाणे दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, शिव्यांचा कसला सण? अहो, ऐका तर शिवी कशी असते ती. अलीकडून आवाज जातो, "अगं ये गोदे जाधवाच्या, तुझ्या आमटीत डाळ शोधायला उतरलेला तुझा नवरा अजून वर आला न्हाई." पलीकडून उत्तर, "आणि तू चहा करतीस तवा साखर काय माहेरी गेलेली असती काय गं शांते?" हलगी कडाडते. दोन्ही काठ हसतात. गोदा हसते. गोदाचा नवरा सगळ्यात जास्त हसतो, कारण आमटीबद्दल बोलायची त्याची कधी हिंमत झालेली नसते.

या बायकांत हिवरखोपीची म्होरकी कोण? हौसाबाई वाघचौरे. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज असा की ओढ्यातले बगळे तिला ओळखून आधीच उडायचे. तिनं ही विद्या सासूकडून घेतली, आणि सासूनं शिकवताना आधी शिव्या शिकवल्या नाहीत, आधी पथ्यं शिकवली. जी समोर उभी आहे तिलाच बोलायचं. नाव घेऊन बोलायचं. डोळ्यानं पाहिलंय तेवढंच बोलायचं, मग त्याला तिखटमीठ हवं तेवढं लाव. पण कुणाची पोरं, कुणाचं मेलेलं माणूस, कुणाच्या अंगातलं उणं — तिकडं जीभ वळवायची नाही. आणि हलगी थांबली की तोंड थांबलं. मग सगळ्या बायकांनी पाण्यात उतरायचं, एकमेकींच्या ओटीत लाह्या घालायच्या, आणि ज्या लेकी पलीकडं दिल्यात त्या तिथूनच आईबरोबर चार दिवस माहेरी जायच्या. या दोन गावांत पोरी पंचमीला माहेरी जात नाहीत. शिव्या देऊन झाल्या की जातात.

हौसाबाईची लेक वैजयंता, वैजू, सांगवण्यातच दिलेली. म्हणजे दरसाल काय चालायचं? आई या काठावर, लेक त्या काठावर. लेक ओरडायची, "ये हौसे वाघचौरे, माझ्या लग्नात तू एवढी रडलीस का मी जातीय म्हणून, का तुझं लुगडं विहिणीच्या लुगड्यापेक्षा स्वस्त दिसत हुतं म्हणून?" आणि आईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. म्हणायची, "बघा, माझी पोरगी. तिच्यासारखी शिवी त्या गावात कुणाला येत न्हाई."

इथपर्यंत गोड आहे. आता पुढारी येतो.

नाव अंकुश कुऱ्हाडे. अंकुशभाऊ. निवडणुकीला उभे. गडी मेहनती, आवाज पहाडी, आणि जीभ? साहेब, तुमच्यासारखीच. प्रचाराच्या शेवटी शेवटी हिवरखोपीच्या चौकात सभा झाली. सांगवणे गाव विरोधकाच्या बाजूचं, हे सगळ्यांना माहीत. अंकुशभाऊंनी माईक हातात घेतला, ओढ्याकडं हात केला आणि म्हणाले, "पलीकडं काय आहे? गाव? ते गाव नाही, बाजार आहे बाजार. सगळं विकाऊ. चुलीपासून पाळण्यापर्यंत, जे मागाल ते विकायला काढलंय."

टाळ्या. शिट्ट्या. चौक हसून हसून लोळला. आणि पहिल्या रांगेत, चटईवर, कोण होतं? हौसाबाई. ती हसली का? मी खोटं सांगणार नाही, व्यासपीठावर उभा आहे. हसली. पदर तोंडावर धरून हसली आणि शेजारणीच्या पाठीत धपका घालून हसली. भाषण रंगलं होतं ना. माणूस एकटा असला की विचार करतो, चटईवर शंभर जणांत बसला की हसतो.

त्या सभेचं चित्रण रात्रीच्या आत ओढ्यापलीकडं पोचलं. पूर्वी शिवी चालत जायची, वाटेत दमायची. आता मोबाइलवरून उडत जाते.

अंकुशभाऊ निवडून आले. त्यांचा पक्ष सत्तेवर आला. भाऊंना पद मिळालं, मुख्य प्रतोद. प्रतोद म्हणजे काय? चाबूक. आपल्या आमदारांना ओळीत ठेवणारा माणूस. नाव अंकुश, आडनाव कुऱ्हाडे, पद चाबूक. सगळी हत्यारं दुसऱ्यासाठी, मंडळी. जिभेसाठी एक नाही.

इकडं श्रावण आला. हौसाबाईनं लाह्या फोडल्या, लेकीसाठी लुगडं घेतलं, आणि चार दिवस आधी सांगवण्याला निरोप द्यायला गेली. वैजूचा सासरा कोंडिबा भिलारे. कोंडिबा तात्या म्हणजे कसा माणूस? मतदानाच्या आदल्या दिवशी दारात पाकीट घेऊन आलेल्या दोन्ही पक्षांच्या पोरांना त्यानं एकाच काठीनं हाकललं होतं. असा माणूस. तो ओट्यावर बसला होता. वैजू दारातच होती, तान्ही नात कडेवर. सात महिन्यांची. हौसाबाईनं तिला अजून मन भरून पाहिलंही नव्हतं. बाळंतपण सासरच्यांनीच केलं होतं, अडचणीचं होतं म्हणून शहरात न्यावं लागलं होतं, आणि मायलेकी नुकत्याच तिथून परतल्या होत्या.

"तात्या, पोरीला न्यायला येते मग पंचमीच्या दुसऱ्या दिवशी," हौसाबाई म्हणाली.

तात्यानं पाणी दिलं. गूळ दिला. आणि म्हणाला, "विहीणबाई, आमचं घर इकाऊ हाय. चुलीपासून पाळण्यापर्यंत. अशा घरातली सून न् तिच्या पाळण्यातली पोर तुमच्या दारात कशी पाठवू? तुम्हाला बट्टा लागंल."

"आवं तात्या, मी बोलले का ते? त्यो पुढारी बोलला."

"त्यो बोलला. मग त्यानं हितं यावं, माझ्या तोंडावर बोलावं. खरं निघालं तर सून आणि नात कायमची घेऊन जा, अशा घरात तुमची पोर नांदू नये. खोटं निघालं तर तसं त्यानं सांगावं. तवर हा उंबरा पोरगी ओलांडणार न्हाई."

हौसाबाईनं लेकीकडं पाहिलं. वैजूनं मान फिरवली. सासऱ्याच्या धाकानं नव्हे, मंडळी. तिच्या डोळ्यांत दुसरंच काहीतरी होतं आणि ते हौसाबाईला नेमकं कळलं नाही. किंवा कळलं, आणि तिनं कळून घेतलं नाही. आपणही असं करतो. करतो की नाही?

बाई घरी आली. लाह्यांचा डबा बघितला, लुगडं बघितलं. दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. हौसाबाई एस.टी.त बसली आणि तालुक्याला भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेली.

तिथं गर्दी. बदलीवाले, रस्तेवाले, हारवाले. एक स्वीय सहायक, शर्ट एवढा इस्त्रीचा की वाकला तर मोडेल. "काय काम आहे मावशी?"

"काम न्हाई."

काम नाही म्हणणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली. त्यानं थेट आत सोडली.

भाऊ खुर्चीत. समोर शाल, श्रीफळं, पेढे. "बोला मावशी. रस्ता? पाणी? डांबर?"

"त्यातलं काय न्हाई भाऊ. तुम्ही आता मोठं झालात, म्हणून एक सांगाया आले. तुम्ही शिव्या चुकीच्या देताय."

 सहायकानं कॉलर सावरली.

"शिव्या देऊ नका असं म्हणायचंय का?" भाऊंनी विचारलं. हे त्यांनी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. त्याचं उत्तर पाठ होतं.

"द्या की. कोण न्हाई म्हणतंय? मी सोता तीस वर्सं देतीय. पण तुम्ही ठोकानं देताय. शिवी किरकोळीत द्यायची असती. एकेकाला, त्याच्या तोंडावर, त्याचं नाव घेऊन. तुम्ही सगळ्या गावाला एकदम देताय आणि निघून जाताय मोटारीत. मग ती शिवी गावात हिंडत बसती बेवारशी, आणि ज्याच्या दारात जायला नको त्याच्या दारात जाऊन उभी राहती."

भाऊ हसले. पोट धरून हसले. म्हणाले, "मावशी, मला शिव्या शिकवायला आलेली पहिली बाई तुम्ही."

"तोंडपंचमीला या. शिकवते."

आणि भाऊ हो म्हणाले. का म्हणाले? अहो, परंपरेचं जतन. फोटो. दोन गावं एकाच कॅमेऱ्यात. सहायकानं तिथल्या तिथं डायरीत मांडलं, 'सांस्कृतिक कार्यक्रम, ओढा.' हौसाबाईनं पथ्यं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात पेढेवाले आत आले.

तोंडपंचमी उजाडली. ओढ्याला गुडघाभर पाणी. अलीकडच्या काठावर भाऊंसाठी मंडप, स्पीकर, जनरेटर. भाऊ आले. पांढरे बूट. ओढ्यावर पांढरे बूट घालून येणारा माणूस, मंडळी, तिथंच ओळखावा की याला काठावरच राहायचंय.

हलगी वाजली. सुरुवात झाली. पण यंदा त्याला चव नव्हती. शांता आमटीवरून बोलली, गोदा चहावरून बोलली, पण जुन्याच शिव्या, मीठ कमी. पलीकडच्या बायका भाऊंच्या मंडपाकडं बघत होत्या. आणि वैजू गर्दीत मागं, पोर कडेवर घेऊन, गप्प. दरसाल जिच्या आवाजानं सुरुवात व्हायची ती गप्प. हौसाबाईनं तीन वेळा तिच्या दिशेनं शिवी टाकली. शिवी पाण्यावरून गेली आणि परत आली नाही. असं कधी झालं नव्हतं. 

आणि इकडं भाऊंना चेव चढला. बायका एकमेकींना धुतायत, हलगी कडाडतेय, आणि आपण नुसतं बघायचं? वक्ता माणूस. जीभ वळवळायला लागली. त्यांनी समोरचा माईक ओढला, आणि दोन्ही गावच्या पुरुषांनी कपाळावर हात मारला, कारण त्या दिवशी पुरुषानं तोंड उघडायचं नसतं, आणि भाऊ म्हणाले, "अरे, त्या विकाऊ गावाला काय शिव्या देता? शिव्यासुद्धा विकत घेऊन परत विकतील ते —"

हलगी थांबली.

भाऊंना वाटलं, आता टाळ्या. आल्याच नाहीत. अलीकडच्या काठावरून आल्या नाहीत, पलीकडून तर नाहीतच. 

तोंडपंचमीत जो मध्ये तोंड घालतो त्याच्यासाठी एक नियम होता. कधी वापरायची वेळ आली नव्हती, पण होता. जो बोलला त्यानं पाण्यात उतरायचं आणि बोललेलं निभवायचं. हौसाबाई मंडपाशी आली आणि म्हणाली, "भाऊ, बूट काढा."

"मावशी, मी पाहुणा —"

"पाहुणा गप होता तवर पाहुणा होता. आता तुम्ही यात आलात. उतरा."

भाऊंनी सहायकाकडं पाहिलं. सहायकानं आभाळाकडं पाहिलं. शेवटी उतरले. पांढरी विजार गुडघ्यापर्यंत. एका हातात बूट, दुसऱ्या हातात बिनतारी माईक. मंडळी, आपल्या राज्याचे मुख्य प्रतोद.

"आता घ्या नाव," हौसाबाई म्हणाली. "इकाऊ कोण?"

"सगळेच की."

"सगळे म्हणून कोणी नसतं भाऊ. एक दाखवा."

भाऊंनी बोट केलं. हिरव्या लुगड्यातली एक. "ही."

"हिचं नाव?"

आता कसं सांगणार? ती हिरव्या लुगड्यातली गोदा पुढं आली, हात जोडून म्हणाली, "मी काय इकलं तेवढं सांगा भाऊ. खरंच इकलं असंल तर पैसं कुठं ठेवलं ते मला हुडकायचंय. नवऱ्यानं लपवलं असतील." दोन्ही काठ फुटले हसून. भाऊंनी दुसरीकडं बोट केलं. तिचंही नाव येईना. तिसरीकडं. येईना. अख्ख्या गावाला शिव्या देणाऱ्या माणसाला त्या गावातलं एक नाव येत नव्हतं. साहेब, तुम्हाला येतात का? नका सांगू. मीही विचारत नाही, दक्षिणा अजून मिळायचीय.

मग पलीकडून एक म्हातारा पाण्यात आला. धोतर वर खोचलेलं. भाऊंच्या पुढं हातभरावर उभा राहिला. "मी कोंडिबा भिलारे. चूल माझी. पाळणा माझ्या घरचा. आता बोला."

भाऊंनी घसा साफ केला. आणि त्यांच्या तोंडून काय निघालं? तुम्हाला पाठ आहे. "माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी —"

"दुखावल्या असतील तर?" शांता अलीकडच्या काठावरून म्हणाली. "तुझ्या डोक्यात दगड बसला असंल तर मलम लावू काय रं?"

"मावशी, राजकारणात बोलावं लागतं. ते मनावर घ्यायचं नसतं."

तेव्हा हौसाबाई चिडली. खरी चिडली. "मनावर घ्यायचं न्हाई तर बोलता कशाला? आमची शिवी समोरची मनावर घेती. घेती म्हणून तर आम्ही बघून देतो. हिच्या घरात मयत झालंय का, हिची पोर आजारी हाय का, सगळं बघतो न् मग आमटीवर बोलतो. तुम्ही पाळण्यावर बोललात. त्या पाळण्यात कोण निजलंय ते तरी बघितलंत का?"

भाऊंचा चेहरा पडला. पण पुढारी होता तो. कोपऱ्यात सापडला की चावतो. म्हणाला, "आणि मावशी, तेव्हा हसत कोण होतं? पहिल्या रांगेत? मी बोलत होतो आणि तुम्ही शेजारणीच्या पाठीत मारून हसत होता. मला आठवतंय. तुमच्याकडं बघूनच मी पुढचं वाक्य टाकलं. 'चुलीपासून' एवढंच म्हणणार होतो. तुम्ही हसलात म्हणून 'पाळण्यापर्यंत' गेलो."

माईक चालू होता, मंडळी. ते वाक्य दोन्ही गावांत गेलं. डोंगरावर गेलं आणि परत आलं.

पलीकडच्या गर्दीतून वैजू पुढं आली. पाण्याच्या कडेला उभी राहिली. "मी बघितलंय ते मोबाइलवर," ती म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांनी बघितलंय. मामंजींनी तुला तुझ्या तोंडावर म्हटलं न्हाई, तुझा मान ठेवला. म्हणून त्या पुढाऱ्याचं नाव घेतलं. आई, तू हसलीस."

हे होतं ते. लेकीच्या डोळ्यांतलं, जे हौसाबाईनं कळून घेतलं नव्हतं.

तिच्याकडं तोंड होतं. तीस वर्षांचं तयार तोंड. या काठावर तिला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. ती म्हणू शकली असती, सगळेच हसत होते. ती म्हणू शकली असती, मी कुठं तुमच्यावर हसले.  पण ती पाण्यात दोन पावलं पुढं गेली.

"हसले," ती म्हणाली. "पाळणा म्हणाला तवा मला तुझी पोर आठवली न्हाई वैजू. आठवायला पाहिजे हुती. भाषणाला रंग चढला हुता, मी हसले."

वैजूनं पोर शेजारणीकडं दिली. पदर खोचला. आणि काय सांगू मंडळी, तिनं तोंड सोडलं. "ये हौसे वाघचौरे! दुसऱ्याच्या चुलीवरचा इनोद ऐकून तुझं पोट भरतंय, म्हणून तुझ्या घरात दोन वेळा चूल थंड असती काय? नातीचं तोंड बघायला तुला एस.टी. मिळाली न्हाई आणि सभेत पहिल्या रांगेत चटई बरी मिळाली? ते लुगडं आणलंयस ते माझ्यासाठी हाय का शेजारणीच्या पाठीला लेप म्हणून? मोठ्यानं हसायची हौस हाय तर ये की माझ्या घरी, तुझी नात रात्रभर रडती, तिच्यापुढं हस, बघू ती गप बसती का!"

हलगीवाल्याला राहवेना. त्यानं थाप मारली. आणि आख्खी दुपार जी फिकी गेली होती ती एकदम पेटली. लेक बोलतेय, हुंदका येतोय, हुंदक्यात शिवी, शिवीत हसू. आणि हौसाबाई पाण्यात उभी राहून ऐकतेय. एक शब्द परत करत नाही. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर काय होतं माहीत आहे? अभिमान. बघा, माझी पोरगी. मेलीला कुठं मारायचं ते बरोबर कळतं.

भाऊ मध्ये. एका हातात बूट. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शिवी जवळून बघितली. जिची लाज वाटते आणि जिच्यानं माणूस तुटत नाही, अशी. त्यांच्या शिवीनं दोन गावांतला उंबरा बंद केला होता, आणि या पोरीच्या शिवीनं तिची आई एकेक पाऊल तिच्याकडं सरकत होती.

वैजूचा दम संपला तेव्हा भाऊंनी माईक तोंडाशी नेला. सहायकानं लांबून हात हलवून खूण केली, नको. भाऊ म्हणाले, "तात्या, मी तुम्हाला ओळखत नव्हतो. तुमचं घर मी पाहिलेलं नाही. तुमचं गाव विकाऊ आहे हे मी खोटं बोललो. मतांसाठी बोललो."

कोंडिबा तात्यानं कानामागं हात धरला. "परत सांगा. मागं वडाखाली माणसं हायती."

भाऊंनी परत सांगितलं. मोठ्यानं.

"बरं," तात्या म्हणाला. "च्या घ्यायला चला घरी. चूल बघून जा एकदा." मग तो सुनेकडं वळला. "जा गं. चार दिवस राहा, आठ राहा. लाह्या मऊ पडायच्या आत पोच."

वैजू नातीला घेऊन ओढा ओलांडून आली. हौसाबाईनं पहिल्यांदा नात घेतली. आणि ती नात — सात महिन्यांची — अशी किंचाळली की झाडावरचे बगळे उठले. शांता म्हणाली, "घ्या. तिसरी पिढी तयार."

पुढं? पुढं एकदा सभागृहात गोंधळ चालला होता. दोन्ही बाजू उभ्या. भाऊ उठले, हात वर केला, पलीकडच्या बाकांकडं रोखला, "हे सगळेच्या सगळे —" आणि थांबले. शेजारच्याला हळूच विचारलं, "तो चष्मेवाला, दुसऱ्या रांगेतला, त्याचं नाव काय रे?" शेजारच्यालाही माहीत नव्हतं. पाच वर्षं समोर बसतात, मंडळी. मग त्यांनी मधल्या सुट्टीत जाऊन नाव विचारलं, गाव विचारलं, त्याच्या मतदारसंघातलं काम काढून वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव घेऊन, त्याच्या तोंडावर, त्यानं कालव्याच्या कामात काय घोळ घातलाय ते असं काही सुनावलं की तो चष्मेवाला घाम पुसत खाली बसला. आणि उपाहारगृहात येऊन म्हणाला, "अंकुशराव, इतकी नेमकी मला कुणी दिली नव्हती. कालव्याचं बघतो मी."

म्हणून साहेब, शिवी द्या. देऊ नका असं मी म्हणत नाही. सत्ता तुमच्याकडं आहे, समोरच्यानं पाप केलंय तर त्याला झोडा. पण त्याला झोडा. त्याच्या जातीला नको, त्याच्या गावाला नको, त्याच्या आईबापाला नको, त्याच्या पोराला तर नकोच. आणि जे बोलाल ते पाण्यात उतरून निभवता येईल एवढंच बोला. साहेब मान हलवतायत. हलवू द्या. उद्या काय करतात ते बघू.

साहेबांचं झालं. आता तुमचं.

मघापासून तुम्ही हसताय. पुढाऱ्यावर हसलात, गोड वाटलं. पण 'पाळण्यापर्यंत' कुणाच्या हसण्यानं गेला तो? माईक त्याच्या हातात असतो, पण तुमच्या तोंडाकडं बघून तो पुढचं वाक्य टाकतो. या मंडपात, या गावात, गेल्या निवडणुकीत खालच्या आळीला काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. वरच्या आळीला काय म्हणाले तेही. कोण हसलं तेही तुम्हाला ठाऊक आहे. आणि बघा बसलात कसे — वरची आळी या बाजूला, खालची आळी त्या बाजूला. मध्ये ओढा नाही, तरी कसे बसलात.

मृदंगबुवा, हात आवरा. आज शेवटचा गजर मी आपणहून सुरू करणार नाही. ज्या आळीवर तुम्ही हसलात, तिच्यातली माणसं या मंडपातच बसली आहेत. उठा, आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसा. काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं.

मी थांबतो.

साहेब, तुम्ही बसा हो, तुम्हाला फार फिरावं लागेल.

थांबलोय अजून. चहा उकळून जाईल तिकडं, जाऊ द्या.

हां. ती बघा, खांबाजवळची पांढऱ्या केसांची. पिशवी उचलली. सरका, वाट द्या तिला. चालली ती त्या बाजूला.

बुवा, वाजवा.